फाटकापाशी शिकलेला शब्द

उज्जैनच्या माधव नगरातल्या सुलभा चिटणीस यांच्या फाटकावर पाटी आहे 'झूलाघर', आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पाळणाघर'. रंगवणाऱ्याने आधी 'पालनाघर' लिहिलं होतं. ते सुलूने स्वतः ब्रश घेऊन दुरुस्त केलं, त्यामुळे मधला 'ळणा' बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड दिसतो. चिटणीसांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात दुसऱ्यांचं बोलणं लिहून घ्यायचे. सुलूही तेच करते, फक्त तिचे धनी वर्षा-दीड वर्षाचे असतात आणि त्यांच्या बोलण्यातलं निम्मं लाळेबरोबर वाहून जातं.

झूलाघर म्हणजे दूध पाजा, ढुंगण धुवा आणि निजवा, असं कोणी तोंडावर म्हटलं की सुलूचा पारा चढायचा. दर शनिवारी दुपारी पोरं घरी गेली की ती टावर चौकातून आणलेले स्केचपेन आणि जुन्या कॅलेंडरचं उलटं पान घेऊन बसायची आणि पुढच्या आठवड्याची आखणी करायची. एक आठवडा पाण्याचा. टबात पाणी, पेल्यात पाणी, फरशीवर पाणी, आणि दर वेळी हातासरशी त्याचं नाव घ्यायचं, भरलं, सांडलं, गार लागलं. एक आठवडा चमच्याचा. एक आठवडा नाक, कान आणि पोटाचा. लंगोट बदलताना गप्प बसायचं नाही, पाय उचलला की 'पाय' म्हणायचं. बाळाला काही विचारलं की मनात पाच आकडे मोजायचे, त्याला उत्तराची सवड द्यायची, मग ते उत्तर नुसतं 'ब्बू' असलं तरी चालेल. 'म्हण, म्हण' म्हणून मागे लागायचं नाही. कापडी पुस्तकं ती स्वतः शिवायची आणि पोरांनी ती चावली तर चावू द्यायची. पुस्तकाची पहिली ओळख तोंडानेच होते असं तिचं म्हणणं होतं, आणि तिच्या पुस्तकांच्या कोपऱ्यांवरून ते खरंही वाटायचं.

झूलाघरात निम्मी पोरं हिंदी घरांतली, निम्मी मराठी. म्हणून सुलू मराठीत बोलायची आणि तिच्या मदतीला असलेली रामकन्या हिंदीत. रामकन्या घट्टिया गावाकडची, पंचेचाळिशीची, मोठ्या आवाजाची आणि मऊ हातांची बाई. "ज्याने त्याने आपल्या भाषेत साफ बोलायचं," सुलू सांगायची, "पोराच्या कानात मिलावट नको." हे ती ज्या मराठीत सांगायची तीच निम्मी हिंदीत बुडालेली होती, पण ते तिला सांगणार कोण? तिचे यजमान श्रीपादराव रेल्वेतून रिटायर झालेले, ते एकदा सांगायला गेले आणि दोन दिवस बिनसाखरेचा चहा पिऊन राहिले.

या सगळ्यात सुलूचा एक नियम होता, तो कुठेच लिहिलेला नव्हता. पोराचं पहिलं पाऊल किंवा पहिला शब्द झूलाघरात झाला तर तो त्याच्या आईला सांगायचा नाही. आईने तो घरी आपल्या कानांनी ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी धावत येऊन सांगायचा. तेव्हा आपण तोंडावर हात ठेवून म्हणायचं, "काय सांगतेस!" मग वहीत तारीख लिहायची. यामागे सुलूची स्वतःची जखम होती. तिचा निखिल लहान असताना ती नानाखेड्याच्या एका शाळेत शिकवायची आणि निखिल शेजारी राहायचा. एका संध्याकाळी शेजारीण कौतुकाने म्हणाली, "आज चार पावलं चालला हो तुमचा!" बिचारीने पेढा दिल्यासारखं सांगितलं, आणि सुलू न्हाणीघरात नळ सोडून रडली. निखिल आता पुण्यात नोकरी करतो, त्याला यातलं काही माहीत नाही. पण झूलाघराच्या सत्तावीस वर्षांत सुलूने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर अपूर्वा आली. सांगलीची मुलगी, बँकेत अधिकारी, लग्न होऊन उज्जैनला बदली करून घेतलेली. नवरा यशोधन इथल्याच जुन्या मराठी घरातला, बिजली विभागात इंजिनियर. मुलगी रेवा, दहा महिन्यांची, गोल कपाळाची. पहिल्याच दिवशी अपूर्वा म्हणाली, "काकू, एकच सांगणं आहे. मला मम्मी नको. यांच्या घरात सगळे मम्मी-पापाच म्हणतात. माझ्या मुलीने मला आई म्हणायला हवं."

"बोलेल ना," सुलू म्हणाली. "आम्ही इथे मराठीतच बोलून राहतो तिच्याशी."

"बोलून राहतो!" अपूर्वा हसली. "काकू, तुमची मराठी फार गोड आहे हं." सुलूला हा टोमणा आहे की कौतुक ते समजलं नाही, पण मुलगी आवडली.

महिने गेले. रेवा चालायला लागली, चमचा धरायला लागली, पुस्तकाची पानं उलटायला लागली, पण बोलेना. वर्ष झालं, चौदा महिने झाले, सोळा झाले. तिच्याबरोबरीची पोरं 'पापा', 'दूदू', 'काऊ' म्हणत होती आणि ही आपली बोट दाखवायची आणि गप्प. सुलूला काळजी नव्हती. रेवाला सगळं कळत होतं. 'चेंडू आण' म्हटलं की चेंडूच आणायची, मागे पेला वाजला की वळून बघायची. पण आईचं काळीज वेगळं असतं. अपूर्वा घरी तिला मांडीवर घेऊन म्हणायची, "मी कोण? आई. म्हण, आई." रेवा तोंड फिरवायची. सासूबाई बोलल्या की अशा पोरांचे कान तपासून घ्यायला हवेत. अपूर्वाने इंदूरच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.

त्याच्या आधीचा आठवडा सुलूने 'येण्या-जाण्याचा' आखला होता. कॅलेंडरच्या पानावर तिच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: दार, फाटक, आला, गेला. खेळही ठरवलेले होते. पडद्यामागे बाहुली जाते, बाहुली येते. खिडकीतून कबूतर येतं, कबूतर जातं. रामकन्येला तिने बजावलं, "फाटक वाजलं की पोरांना दाखवायचं आणि कोण आलं ते बोलायचं. तुझ्या भाषेत, पण साफ."

"बोल दूँगी दीदी, चिंता मत करो," रामकन्या म्हणाली, आणि तिने ते मनापासून केलं.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता सुलू ओट्यावर रेवाला मांडीवर घेऊन बसली होती. फाटकाची कडी वाजली. रेवाने पुस्तकातून मान वर केली, बोट फाटकाकडे केलं आणि म्हणाली, "आई."

स्वच्छ म्हणाली. बाहेर अपूर्वा हेल्मेट घालून स्कूटीचा स्टँड लावत होती, रस्त्यावरून टेम्पो जात होता, तिला काही ऐकू गेलं नाही. ती आत येऊन हेल्मेट काढेपर्यंत रेवा तिच्या पायाला बिलगली होती आणि पुन्हा गप्प होती. सुलूचे ओठ शिवशिवले. तिने ते मिटून घेतले. आज घरी म्हणेल, उद्या अपूर्वा नाचत येईल, असं तिला वाटलं. वहीत तिने पेन्सिलीने नुसती तारीख टाकली आणि पुढची जागा मोकळी ठेवली.

गुरुवारी रेवा पुन्हा म्हणाली. शुक्रवारीही. दर वेळी फाटक वाजताच, अपूर्वाच्या डोक्यात हेल्मेट असताना. आणि अपूर्वा रोज सकाळी तेच तोंड घेऊन यायची. "नाही हो काकू, काही नाही." शनिवारी इंदूरच्या डॉक्टरांनी वेळ पुढे ढकलली, पुढच्या शनिवारची दिली. सुलूला आश्चर्य वाटत होतं की पोर घरी का बोलत नाही. उत्तर तिच्या डोळ्यांपुढे होतं, पण तिला दिसलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी रेवाला घेऊन निघताना अपूर्वा फाटकाशी थांबली. तिचे डोळे सुजलेले होते. "काकू, खरं सांगा. तुमच्यासमोर इतकी पोरं मोठी झाली. ही बोलेल ना? का काही कमी आहे हिच्यात?"

"काही कमी नाही गं. ऐकते ती चांगलं."

"मग इथे तरी काही बोलते का? एखादा शब्द?"

सुलूने तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "अजून नाही." सत्तावीस वर्षं जमलेलं खोटं होतं ते, अडखळायचं कारणच नव्हतं. पण त्या पोरीचा चेहरा पडलेला बघून तिला राहवलं नाही. ती मागून ओरडली, "अपूर्वा, उद्या येशील ना, तर हेल्मेट बाहेरच काढ. आणि फाटक हळू उघड."

"का हो?"

"असंच. सांगते म्हणून कर."

अपूर्वा थोडं हसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता अपूर्वा बँकेत खुर्चीवरच कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेलेली होती, एकतीस वर्षांची. झूलाघरात फोन आला तेव्हा रेवा पोट भरून झोपली होती. सुलूने फोन ठेवला, रामकन्येला सांगितलं, आणि दोघी बायका पोरांच्या गाद्यांच्या मध्ये, कोणी जागं होऊ नये म्हणून तोंडात पदर धरून रडल्या.

पाच वाजता यशोधनचा चुलतभाऊ दिलीप रेवाला न्यायला आला. फाटक वाजलं. रेवाने बोट केलं आणि म्हणाली, "आई." दिलीप तिथेच कठड्याला धरून उभा राहिला. सुलूला त्याच्याकडे बघवलं नाही.

ते पंधरा दिवस सुलूने कसे काढले ते श्रीपादरावांनाच ठाऊक. ती जेवायची नाही, आणि जेवली तर वाढलेलं तसंच ठेवून उठायची. शेवटी तिने त्यांना सगळं सांगितलं. श्रीपादराव चष्मा काढून पुसू लागले. मग म्हणाले, "सुलू, तुला पता होतं का असं होणार?"

"पता नव्हतं. पण तिने विचारलं होतं. तोंडाने विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं."

तेरावा झाल्यावर यशोधन रेवाला पुन्हा सोडू लागला. करणार काय, नोकरी होती आणि म्हातारीच्याने पोर आवरत नव्हती. पहिल्याच दिवशी सकाळी अकराला गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. फाटक वाजलं. रेवा ठोकळे टाकून उठली आणि आनंदाने म्हणाली, "आई!"

"हाँ बेटा, आई, गाड़ी आई," रामकन्या स्वयंपाकघरातून म्हणाली.

सुलूच्या हातातली वाटी तशीच राहिली. "रामकन्या, तू फाटकापाशी काय बोलतेस?"

"वही जो आपने कहा था दीदी. कोई आए तो बोलना. मम्मी आई, गाड़ी आई, दादी आई." ती घाबरली. "कुछ गलत हो गया क्या?"

काही चुकलं नव्हतं. रामकन्येने सांगितलं ते केलं होतं, साफ, आपल्या भाषेत. पाच वाजता फाटकातून बहुतेक आयाच यायच्या, आणि दर वेळी ती म्हणायची, आई. आखणी सुलूची होती. पन्नास वर्षं या गावात दोन भाषा एका जिभेवर वागवून तिच्या हे लक्षात आलं नव्हतं, की एकीत जो शब्द आईला हाक मारतो तोच दुसरीत नुसतं कोणी आल्याचं सांगतो. घरी कोणी फाटक वाजवून येत नव्हतं, रेवा आईच्या पुढ्यात बसूनच घरी जायची, म्हणून घरी तो शब्द कधी निघाला नाही. सुलू जमिनीवर बसली. तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, की मग अपूर्वाचं काही हिरावलं गेलं नाही. आणि लगेच लाजही वाटली, कारण ते खरं असावं अशी तिची गरज होती, म्हणूनच तिला ते खरं वाटत होतं.

त्या संध्याकाळी तिने यशोधनला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. पहिला बुधवार सांगितला, नियम सांगितला, मंगळवारचा प्रश्न आणि आपलं उत्तर सांगितलं, आणि सकाळचा गॅसवालाही सांगितला. यशोधन चपलेच्या पट्ट्याशी खेळत ऐकत होता.

"ती इंदूरच्या डॉक्टरला रोज फोन करायची," तो म्हणाला. "तिला वाटायचं पोरगी बहिरी आहे. हेच वाटत वाटत गेली ती."

"हो."

"नियम होता तुमचा."

"हो."

"मग रेवा तिला आई म्हणाली की नाही म्हणाली? एवढं सांगा."

सुलूने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं होतं. त्या बुधवारचं बोट, तो आवाज, पोरीचा उजळलेला चेहरा. त्याच आठवड्यात तिने स्वतः रेवाला भिंतीवरचा अपूर्वाचा फोटो दाखवून कितीदा म्हटलं होतं, ही कोण, ही आई. "मला पता नाही," ती म्हणाली. "देवाची शपथ, मला पता नाही." यशोधन उठला आणि पोरीला उचलून फाटकाबाहेर गेला.

सुलूला वाटलं आता तो रेवाला आणणार नाही. पण तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने फाटकाशीच उभा राहून म्हणाला, "काकू, आता ही घरीही बोलायला लागली. दाराची घंटी वाजली की आई. दूधवाला आला, आई. माझी मम्मी तिथेच रडायला लागते. लोक भेटायला येतात आणि ही दारात उभी राहून त्यांना आई म्हणते. मी सगळ्यांना कितीदा सांगू की हे हिंदी आहे?" त्याने रेवाची पिशवी सुलूच्या हातात दिली. "तुम्ही पोरांना शब्द शिकवता ना? हा एक काढून टाका तिच्यातून."

सुलू नाही म्हणू शकली असती. पण तिला वाटलं, आपल्याला नाही म्हणायचा हक्क राहिलेला नाही. त्या शनिवारी तिने कॅलेंडरचं पान घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द विसरायला लावायची आखणी केली. फाटक वाजलं की 'आ गए' म्हणायचं, 'कोण आलं' म्हणायचं. रेवा तो शब्द म्हणाली तर रागवायचं नाही, हसायचंही नाही, तिला उत्तरच द्यायचं नाही. ज्या हाकेला कोणी ओ देत नाही ती हाक पोर दोन-तीन आठवड्यांत सोडतं, हे सुलूला माहीत होतं. अपूर्वाचा फोटो तिने भिंतीवरून काढला. रामकन्या डोळे पुसत म्हणाली, "दीदी, यह पाप है." सुलू म्हणाली, "मला माहीत आहे. तू कर."

पहिले चार दिवस फार वाईट गेले. फाटक वाजायचं, रेवा बोट करायची, "आई" म्हणायची आणि सुलूच्या तोंडाकडे बघायची. सुलू खिडकीबाहेर बघायची. रेवा मोठ्याने म्हणायची. सुलू ठोकळे गोळा करायची. ज्या बाईने जन्मभर पोरांच्या 'ब्बू'लाही उत्तर दिलं होतं तिला गप्प बसायला हातात काहीतरी काम घ्यावं लागायचं. दुसऱ्या आठवड्यात रेवा एकदाच म्हणायची आणि खेळाकडे वळायची. तिसऱ्या आठवड्यात फाटक वाजलं की ती 'पापा' म्हणायला लागली. त्यानंतर दूध आलं, चेंडू आला, काऊ आला, शब्द धबाधब यायला लागले. तो एक मात्र गेला. सुलूचं कुठलंही काम इतकं चोख झालं नव्हतं.

राखी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी यशोधन लवकर आला. रेवा "पापा" म्हणून धावली. त्याने तिला उचललं, पण नेहमीसारखा निघाला नाही, ओट्यावर सुलूच्या शेजारी येऊन बसला. तो खूप वाळला होता.

"काकू, आता ती म्हणतच नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणत."

"काल मी तिला अपूर्वाचा फोटो दाखवला. मोबाईलवर, सांगलीचा, तिघांचा. तिने माझ्यावर बोट ठेवलं, पापा. स्वतःवर ठेवलं, रेवू. मग अपूर्वावर बोट ठेवून माझ्याकडे बघत बसली. मी सांगेन म्हणून." त्याने रेवाच्या केसांवरून हात फिरवला. "माझ्याने नाही सांगवलं. आपणच काढला ना तो. काकू, परत शिकवाल का?"

"शिकवीन," सुलू म्हणाली. "या वयात सगळं शिकतात. तुम्ही शिकवा, मी सांगते कसं. चार दिवसांत म्हणेल."

"आणि म्हणेल कोणाला?"

सुलूने मनातल्या मनात पाच मोजले, मग पुढेही मोजत राहिली. रेवा बापाच्या मांडीवर बसून आधी त्याच्या आणि मग सुलूच्या ओठांकडे बघत होती. कोणीतरी आता तो शब्द सांगेल म्हणून ती नीट वाट बघत होती, जशी तिला इथे सवय लावली होती तशी.